तीर्थनमधील दगडाखालचे कीटक : दोन शेपट्यांचा निम्फ मेफ्लायचा की स्टोनफ्लायचा?

प्रश्न : सिंहगडपायथा

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि येत्या एप्रिलमध्ये हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर ट्राउटच्या फ्लाय फिशिंगसाठी दुसऱ्यांदा जाणार आहे. मागच्या खेपेस गुशैणीच्या आसपास खळाळत्या पाण्यातले दगड उलटून, त्यांच्या खालच्या अंगाला काय चिकटले आहे याची बरीच छायाचित्रे काढून ठेवली होती. आता पुढच्या खेपेसाठी फ्लाय, म्हणजे गळावर पिसे-धाग्यांनी बांधलेल्या कीटकांच्या नकला, बांधायला घेतल्या आहेत; परंतु छायाचित्रांतील कीटक नेमके कोण आहेत हे कळल्याशिवाय पेटीत काय भरावे, याचा निर्णय होत नाही.

मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला अंगाने चपटा, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस असलेला, सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा आणि दगडावर खेकड्यासारखा तिरका सरकणारा आहे. त्याला दोनच शेपट्या आहेत. दुसरा बारीक खड्यांच्या नळीत राहतो. तिसरी एक हिरवी अळी आहे, तिला नळी वगैरे काही नाही. चौथा प्रकार पाण्याबाहेरचा : संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या खोलीच्या खिडकीवर पंख उभे मिटून बसणारे नाजूक कीटक येत, आणि सकाळी काचेवर त्यांच्या पांढुरक्या, रिकाम्या काती तेवढ्या उरलेल्या असत.

दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय आणि तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. त्या हिशेबाने पहिला प्रकार स्टोनफ्लाय ठरतो; मात्र स्टोनफ्लायच्या चित्रांशी तो जुळत नाही. शिवाय उपलब्ध मार्गदर्शिका बहुतांशी अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील नद्यांच्या आहेत. त्यांवरून हिमालयातील कीटक ओळखणे कितपत योग्य ठरेल, आणि ओळखायचे तर कोणत्या खुणा पाहाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : बियासकाठ

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. परदेशी मार्गदर्शिकेतील जातींची नावे आपल्याकडे उपयोगाची नाहीत, हे खरे आहे. परंतु गण (ऑर्डर) आणि कुल (फॅमिली) या पातळीवर त्या बऱ्याच अंशी चालतात. तीर्थनमधील ब्राउन ट्राउट मुळातच बाहेरून आलेला मासा आहे. तो ब्रिटनमधून 1900 मध्ये काश्मीरमध्ये रुजवला गेला आणि 1909 च्या सुमारास कुलू भागात त्याची हॅचरी सुरू झाली. मासा परका आणि कीटक स्थानिक असूनही जुन्या इंग्रजी धाटणीच्या फ्लाय येथे चालतात, कारण मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस हे तिन्ही गण येथील थंड प्रवाहांतही आहेत आणि त्यांच्या जगण्याच्या पद्धती तिकडच्या भाऊबंदांसारख्याच आहेत.

माझ्या मते गळ टाकणाऱ्याला जातीचे नाव मिळवण्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. हिमालयातील अनेक जाती तज्ज्ञांनाही प्रौढ नर हाती आल्याशिवाय निश्चित सांगता येत नाहीत. मग आपण ओल्या बोटांनी धरलेल्या निम्फवरून, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या, पंख न फुटलेल्या अवस्थेवरून, काय सांगणार? माशाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर तो कीटक पाण्यात कोठे राहतो, पोहतो की सरपटतो, पाण्याबाहेर कोणत्या वाटेने पडतो आणि त्याचा आकार किती आहे. या गोष्टी कळल्या की फ्लाय कोणती हवी आणि ती पाण्याच्या कोणत्या थरात चालवायची, हे दोन्ही ठरते. गण आणि शक्य झाल्यास कुल ओळखायचे, ते एवढ्यासाठीच.

स्टोनफ्लायचे उदाहरण घ्या. बहुतेक स्टोनफ्लायचे निम्फ पृष्ठभागाकडे पोहत जात नाहीत. ते तळावरून सरपटत काठाच्या दगडांवर चढतात आणि तेथे कात टाकून पंखधारी होतात. काठच्या शिळांवर पाठीतून उभ्या चिरलेल्या मोठ्या काती दिसल्या, तर काठालगतच्या पाण्यात तळाशी जड निम्फ (त्या अवस्थेची नक्कल करणारी वजनदार फ्लाय) चालवावा, हे उघड आहे. त्या वेळी प्रवाहाच्या मध्यभागी कोरडी फ्लाय तरंगत ठेवणे म्हणजे वेळ घालवणे आहे, मग नदी कितीही रमणीय दिसो.

आपल्या पहिल्या प्रकाराविषयी मला शंका आहे, पण त्यावर ओढेकाठताईंनी लिहावे. त्या हा विषय महाविद्यालयात शिकवतात.

प्रतिसाद : ओढेकाठ

बियासकाठ यांनी बोलावलेच आहे, तर थोडे सविस्तर लिहिते.

शेपट्यांचा नियम अर्धाच खरा आहे. स्टोनफ्लायच्या निम्फला दोन शेपट्या असतात, हे बरोबर; परंतु दोन शेपट्या दिसल्या की तो स्टोनफ्लायच, असे उलट म्हणता येत नाही. मेफ्लायमधील एपिओरस या प्रजातीच्या (जीनसच्या) निम्फला दोनच शेपट्या असतात, आणि बीटिडी कुलातील काहींची मधली शेपटी इतकी आखूड असते की ती नाहीच असे वाटते. त्यात शेपट्या हाताळताना तुटतात. दगडावरून निम्फ बोटाने सोडवला की तीनाच्या दोन आणि दोनाची एक व्हायला वेळ लागत नाही. म्हणून शेपट्या शेवटी मोजाव्यात.

आधी पायाचे टोक पाहावे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणात किंवा स्टीलच्या खोलगट चमच्यात ओढ्याचेच थोडे पाणी घेऊन त्यात निम्फ ठेवावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून एका पायाच्या टोकाकडे नीट बघावे. मेफ्लायच्या प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी असते, तर स्टोनफ्लायच्या पायाला दोन. ही खूण सहसा तुटत नाही आणि ती फसवतही नाही. उजेड बाजूने पडेल असे झाकण जरा तिरपे धरले म्हणजे नखीची सावली तळावर उमटते आणि ती भिंगाशिवायही कळण्याइतकी स्पष्ट होते, अर्थात निम्फ मोठा असेल तर.

त्यानंतर कल्ले पाहावेत. मेफ्लायचे कल्ले उदराच्या दोन्ही कडांना असतात. पानांसारख्या पातळ पट्ट्या किंवा धाग्यांचे झुपके असे त्यांचे स्वरूप असते आणि निम्फ जिवंत असेल तर अनेकदा ते हलताना दिसतात. स्टोनफ्लायला कल्ले असलेच तर ते बहुधा वक्षाच्या खाली, पायांच्या मुळाशी झुबक्यांच्या रूपात असतात. वाढ पूर्ण होत आलेल्या निम्फच्या पाठीवर पंखांची आवरणेही दिसतात. स्टोनफ्लायमध्ये त्यांच्या दोन जोड्या स्पष्ट उठून दिसतात, मेफ्लायमध्ये वरून पाहताना एकच जोडी नजरेत भरते.

आपण वर्णन केलेला चपटा देह, डोक्याच्या वर आलेले डोळे आणि तिरके सरकणे हे हेप्टाजेनिडी कुलातील मेफ्लायचे लक्षण आहे. वेगवान पाण्यात दगडाला बिलगून राहण्यासाठी हे शरीर घडलेले असते. त्यात दोन शेपट्या म्हटल्यावर एपिओरसची शक्यता मोठी आहे. छायाचित्रात उदराच्या कडेचे कल्ले एकमेकांवर किंचित चढून पोटाखाली एक वाटोळी कडा तयार करत आहेत का, एवढे पाहून सांगावे.

खिडकीवरच्या कातींनी तर प्रश्नच सोडवला आहे. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा मेफ्लायखेरीज दुसरा कीटकगण आज अस्तित्वात नाही. पाण्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेला गळवाले डन म्हणतात. तिचे पंख धुरकट असतात आणि त्यांच्या कडेला बारीक लव असते. काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत केव्हातरी हा डन कात टाकतो आणि काचेसारख्या पारदर्शक पंखांचा, अधिक लांब शेपट्यांचा स्पिनर बाहेर पडतो. स्पिनर जोडीदार शोधतो, मादी पाण्यावर अंडी घालते आणि मग दोघेही मरतात. प्रौढ मेफ्लायला कामाचे तोंडच नसते, त्यामुळे खाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या खोलीच्या काचेवर संध्याकाळी डन येत होते आणि रात्रीतून त्यांचे स्पिनर होऊन ते निघून जात होते. याचा गळासाठी अर्थ असा की, त्या दिवसांत सायंकाळी पाण्यावर पंख पसरून पडलेले मृत स्पिनर असणार; ट्राउट असे स्पिनर घाई न करता, पृष्ठभागावर लहानसे वर्तुळ उठवत टिपतो.

आता दुसरा आणि तिसरा प्रकार. हे दोन्ही कॅडिसफ्लायचे आहेत. कॅडिसच्या अळीला वक्षावर सांधे असलेले सहा पाय असतात आणि शरीराच्या मागच्या टोकाला आकड्यांची एक जोडी असते. या आकड्यांवरून ती चटकन ओळखता येते. नळी ही अळी स्वतःच्या रेशमाने खडे चिकटवून करते. नळी दगडाला पक्की डकवलेली आणि दोन्ही बाजूंनी बंद असेल, तर आत कोष आहे असे समजावे, आणि तो काळ गळवाल्यासाठी मोलाचा असतो. कोषातून बाहेर पडलेला जीव मधल्या पायांच्या केसाळ वल्ह्यांनी झपाट्याने वर पोहतो, त्याच्या पाठोपाठ मासा धावतो आणि पाणी उसळते. संध्याकाळी ट्राउट पाण्याबाहेर उड्या घेत असेल, तर पृष्ठभागावर काय तरंगते आहे यापेक्षा वर चढणाऱ्या कॅडिसचा विचार आधी करावा.

नळीविना राहणारी हिरवी अळी बहुधा रायाकोफिला प्रजातीतील असावी. ही प्रजाती हिमालयात अतिशय विविध आहे. तिची अळी जाळे विणत नाही, मोकळी हिंडून इतर कीटक खाते. मात्र हायड्रोसायकिडी कुलातील अळ्याही सोबत वाहून नेण्याच्या नळीशिवाय राहतात, आणि त्या दगडांच्या फटीत रेशमाचे जाळे लावून वाहून येणारे कण गाळतात. दोघींत फरक करायचा तर डोक्यामागचे खंड पाहावेत. हायड्रोसायकिडीच्या वक्षाचे तिन्ही खंड वरून कडक, गडद पट्टीने झाकलेले असतात आणि उदराखाली फांद्यांसारखे कल्ले दाट असतात. रायाकोफिलामध्ये फक्त पहिल्या खंडावर अशी कडक पट्टी असते, मागचे दोन मऊ राहतात.

प्रतिसाद : सिंहगडपायथा

ओढेकाठताई, आपल्या विस्तृत उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. छायाचित्रे मोठी करून पाहिली. चपट्या निम्फच्या पायाला एकच नखी आहे, आणि कल्ले आपण सांगितल्याप्रमाणे एकावर एक चढून उदराच्या दोन्ही कडांना सलग झालर झाल्यासारखे दिसतात. हिरव्या अळीचे केवळ डोक्यामागचे एक वलय गडद आहे, बाकी सारे अंग मऊ आहे.

यावरून पुढचा प्रश्न येतो. एपिओरससाठी कोरडी फ्लाय योग्य ठरेल, की निम्फ? हा कीटक दगडाला इतका घट्ट धरून बसतो की, तो प्रवाहात सुटून माशाच्या तोंडी कधी पडत असेल, असे वाटत नाही.

प्रतिसाद : धागापीस

येथेच कीटकाचे कुल ओळखल्याचा फायदा पदरात पडतो. बहुतेक मेफ्लायचा निम्फ पृष्ठभागापर्यंत पोहत येतो आणि तेथे कात टाकतो. एपिओरसच्या कित्येक जातींचे तसे नाही. त्या तळाशीच किंवा वर येताना वाटेतच निम्फची कात सोडतात आणि पंख फुटलेला डन पाण्यातून वर येतो. म्हणजे माशाला पाण्याच्या मधल्या थरात पंखवाला, मऊ, असहाय घास मिळतो. यासाठी तरंगती फ्लाय नको आणि वजनदार निम्फही नको. मऊ हॅकलची (गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाची) ओली, म्हणजे पाण्याखाली चालणारी, फ्लाय घ्यावी. प्रवाहाच्या आडवी आणि किंचित खालच्या दिशेने ती टाकावी, आधी बुडू द्यावी आणि दोरी ताणली जात असताना ती वर उचलली जाऊ द्यावी. ठोका बहुधा या उचलण्याच्या क्षणी बसतो. पार्ट्रिज अँड ऑरेंज ही उत्तर इंग्लंडमधील जुनी बांधणी 12 किंवा 14 क्रमांकाच्या गळावर तपकिरी छटेत बांधून न्यावी. गंमत म्हणजे हीच फ्लाय याच पद्धतीने चालवली की वर पोहणाऱ्या कॅडिसचीही नक्कल होते. त्यामुळे तीर्थनसाठी एकच फ्लाय बांधायची सक्ती कोणी केली, तर मी हीच बांधीन.

निम्फ प्रवाहात कधी सुटतात, याचेही उत्तर आहे. प्रवाहातील कीटक मोठ्या संख्येने वाहत जातात ते मुख्यतः अंधार पडू लागल्यानंतर. त्यात बीटिडी कुलातील लहान, सडपातळ, माशासारखे पोहणारे मेफ्लाय आघाडीवर असतात. त्यांच्यासाठी फिझंट टेल निम्फ 16 आणि 18 क्रमांकात ठेवावा. इंग्लंडमधील एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ही फ्लाय धाग्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने बांधली होती, त्यामुळे वजन आणि रंग दोन्ही एकदम साधतात. तीर्थनच्या वेगासाठी मात्र टंगस्टनचा मणी लावल्याशिवाय ती तळापर्यंत पोहोचत नाही.

हिरव्या अळीसाठी ऑलिव्ह रंगाच्या डबिंगची (धाग्यावर वळलेल्या लवीची), डोक्याशी काळ्या मण्याची साधी बांधणी पुरे आहे. पाय, आकडे वगैरे बांधत बसू नये. मासा तेवढा वेळ देत नाही.

प्रतिसाद : मुळशीकर

एक व्यावहारिक सूचना. तीर्थनला जाऊन नख्या मोजायला शिकण्याऐवजी तो सराव पुण्याच्या आसपासच करता येईल. मुळशी, वेल्हे आणि भोरकडील ओढे पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत, या कामासाठी उत्तम असतात. फेब्रुवारी उजाडला की त्यांतले पुष्कळ सुकून डबकी उरतात. चपटे हेप्टाजेनिडी, पोहणारे बीटिडी, जाळे विणणारे हायड्रोसायकिडी हे सारे तेथेही मिळतात. दगडाला चिकटलेली, नाण्यासारखी गोल, तपकिरी चकती दिसली तर ती भुंगेऱ्याच्या एका कुलाची अळी असते. उलटी केली म्हणजे खाली सहा पाय दिसतात.

ताम्हिणीत मात्र काळजी घ्यावी, कारण तेथील काही भाग अभयारण्यात मोडतो. तीर्थनचा वरचा भागही ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये आहे. अशा हद्दींतून परवानगीशिवाय एकही कीटक उचलून आणू नये. इतरत्रही छायाचित्र काढून झाल्यावर निम्फ त्याच ओढ्यात सोडावा आणि उलटलेला दगड होता तसा ठेवावा. छायाचित्र काढताना झाकणाखाली आलेख कागदाचा तुकडा ठेवला, तर मिलिमीटरमध्ये लांबी आपोआप नोंदली जाते आणि पुढे गळाचा क्रमांक ठरवताना अंदाज बांधावा लागत नाही.

नदीच्या पात्रातून शहराकडे येत गेले तर काय बदलते, हेही एकदा पाहावे. पुण्यातील मुठेच्या गाळात हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या कायरोनोमिड (डासासारख्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्या वळवळत असतात, कारण प्राणवायू कमी असला तरी त्या तग धरतात. स्टोनफ्लायला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. अशा गाळात ती शोधून सापडायची नाही.

प्रतिसाद : ओढेकाठ

मुळशीकरांच्या सूचनेला थोडी जोड देते. सह्याद्रीतील ओढ्यांत स्टोनफ्लाय आहेत, परंतु येथे मुख्यतः पेर्लिडी हे एकच कुल, आणि त्यातही निओपर्ला ही प्रजाती भेटते. हिमालयात कुले अधिक आहेत. त्यामुळे येथे सराव करून गेलेल्या माणसाला तीर्थनमध्ये काही लहान, सडपातळ, गडद रंगाचे स्टोनफ्लाय अनोळखी वाटतील. दोन नख्यांची खूण मात्र तेथेही तशीच लागू पडते.

कायरोनोमिड केवळ घाण पाण्यातच असतात, असा समज मात्र होऊ देऊ नये. त्यांच्या पुष्कळ जाती अगदी स्वच्छ, थंड पाण्यात राहतात आणि ट्राउटच्या आहारात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांच्या अळीला सांध्यांचे पाय नसतात, ही खूण पुरेशी आहे.

प्रतिसाद : बियासकाठ

सिंहगडपायथा, तीर्थनवर पोहोचल्यावर दगड उलटण्याआधी आणखी एक गोष्ट करावी. पुलाच्या कठड्यावरची आणि काठच्या दिव्यांखालची कोळ्याची जाळी पाहावीत. आदल्या संध्याकाळी कोण उडत होते, हे त्यांत अडकलेल्या पंखांवरून समजते : उभे, जाळीदार शिरांचे पंख मेफ्लायचे, केसाळ आणि छपरासारखे उतरते पंख कॅडिसचे, पाठीवर सपाट घडी घातलेले लांब पंख स्टोनफ्लायचे. दगडाखाली जे असते ते पुढे कधीतरी बाहेर पडणार असते. जाळ्यात जे असते ते सध्या बाहेर पडत आहे.

एप्रिलचा पहिला पंधरवडा शक्यतो गाठावा. पुढे वरचा बर्फ वितळू लागला की दुपारनंतर पाणी चढते आणि गढूळ होते, त्या वेळी बारीक फ्लाय माशाला दिसतही नाहीत. असे झालेच तर सकाळी लवकर निघावे, रात्रीच्या थंडीने पाणी तेव्हा उतरलेले असते. मत्स्य विभागाचा परवाना पहिल्याच दिवशी काढून घ्यावा, आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवावा, म्हणजे मासा पाण्यातच सोडवता येतो.